दोन वर्षांच्या लेकीचा वाढदिवस आणि घरादाराचा ताण

रानजाई, पुणे

लेक पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल. घरात सगळ्यांना आनंद आहे, मलाही आहे. तरी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोक्यात यादी सुरू होते. हॉल, केटरर, केक, डेकोरेशन, रिटर्न गिफ्ट, कुणाला नुसता फोन चालेल, कुणाला घरी जाऊनच सांगावं लागेल. एवढ्या सगळ्यात लेकीला स्वतःला आवडेल असं फार थोडं आहे, आणि तेच मला खुपतंय. म्हणून हा धागा काढते आहे.

पहिला वाढदिवस आम्ही हॉलवर केला. निमंत्रणात सातची वेळ होती. शनिवार संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून लोक साडेआठपर्यंत येत राहिले. जवळचे नातेवाईक पोचल्याशिवाय केक कापायचा नाही असं मोठ्यांचं म्हणणं, त्यामुळे केकला नऊ वाजले. लेक एरवी साडेआठला झोपते. कडक नेटचा फ्रॉक, कानामागे रुतणारा हेअरबँड, आणि दोन तास या हातातून त्या हातात. मग अँकरने दिवे घालवले, मेणबत्ती पेटली, शंभरेक माणसं एकदम टाळ्या वाजवत गायला लागली आणि डोक्यावर पार्टी पॉपर फुटला. ती इतकी दचकली की रडता रडता तिचा श्वास कोंडला. माझ्या मानेत तिची नखं रुतली होती, ती सोडवता येईनात. आणि समोरून फोटोग्राफर सांगत होता, "मॅडम, बेबीला जरा इकडे बघायला सांगा."

आलेले सगळे प्रेमानेच आले होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तेव्हापासून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. लहान मुलाच्या वाढदिवसाला आपण दोन कामं एकत्र करतो. एक, लेकराचा दिवस साजरा करणं. दुसरं, ज्यांच्याकडे आपण वर्षभर जेवलो, ज्यांनी बारशाला आहेर केला, बाळंतपणात डबे पोचवले, त्या सगळ्यांना आपल्या घरचं बोलावणं करणं. हे दुसरं कामही महत्त्वाचं आहे, ते टाळा असं मी मुळीच म्हणत नाही. पण दोन्ही कामं एका संध्याकाळी एका हॉलमध्ये उरकायला गेलं की ताण आईच्या डोक्यावर आणि रडारड लेकराच्या वाट्याला येते.

यंदा माझ्या मनात आहे ते असं : दुपारची झोप झाल्यावर चार ते सहा, घरीच. आजी-आजोबा, आणि तिच्या ओळखीची चार मुलं त्यांच्या आईबाबांसकट. सासूबाई म्हणाल्या, "आपण सगळ्यांकडे जाऊन जेवून आलो, आणि आता आपल्या नातीच्या वेळी दार लावून घ्यायचं?" त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, म्हणूनच उत्तर सापडत नाही. नवरा दोघींचं ऐकून घेतो आणि "तुम्ही ठरवा" म्हणतो.

तुम्ही कसं केलंत? मोठ्यांशी कसं बोललात? आणि दोन वर्षांच्या मुलांना खरोखर मजा कशात येते?

*

पाळणाघरवाली ताई, डोंबिवली

रानजाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझा सगळा दिवस याच वयाच्या मुलांत जातो.

या वयाची मुलं एकमेकांबरोबर खेळत नाहीत, एकमेकांशेजारी खेळतात. त्यामुळे संगीत खुर्ची, पासिंग द पार्सल, अँकरचे गेम यातलं काहीही त्यांच्या कामाचं नाही. त्यांना बादलीभर पाणी, वाट्या, चहाची गाळणी द्या. कणकेचे गोळे द्या. रिकामे खोके द्या, त्यात बसू देत. प्रत्येक वस्तू मात्र दोन-तीन हवी, नाहीतर एकाच गाळणीवरून चावाचावी होते. आलेली खेळणी पाहुणे मुलं गेल्यावरच उघडा. वाढदिवसाच्या घरातली निम्मी भांडणं नव्या खेळण्यावरून होतात हे मी अनेकदा पाहिलं आहे.

वेळ तुम्ही बरोबर निवडली आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते. त्या दिवशी घरात पाहुणे म्हणून दुपारची झोप मोडली तर पुढचं सगळं फसतं. सकाळी घर सजवायला घेतलंत तर दुपारी तिची खोली मात्र रोजच्यासारखीच ठेवा.

खाण्याबद्दल कळकळीने सांगते. पॉपकॉर्न, अख्खे शेंगदाणे, काजू-बदाम, गोल चॉकलेटच्या गोळ्या, अख्खी द्राक्षं, जेलीचे कप हे या मुलांच्या हाताला लागेल असं ठेवूच नका. घशात अडकतं. द्राक्षं द्यायचीच तर उभे चार काप करून. आमच्याकडच्या मुलांना आवडणारं सांगते : छोट्या इडल्या, मऊ मुगाचं धिरडं तुकडे करून, केळं, गुळाचा शिरा, दहीभात. दोन वर्षांपर्यंत वरून साखर-मीठ जितकं कमी तितकं बरं, त्यामुळे केक तिने बोटभर चाटला तरी पुरे. कुणाचं मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर त्याला मध अजिबात नको, चाटवायलाही नाही. आजकाल हौसेने 'हनी केक' आणतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि फुगे. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा मुलं चघळतात, तो घशात बसला तर चिकटतो आणि काढणं फार कठीण जातं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने रबरी फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा छापणं सक्तीचं केलं, ते याचसाठी. फुगे लावायचे तर उंचावर लावा, आणि फुटला की तुकडे वेचायचं काम एका मोठ्या माणसाला नेमून द्या.

गाणं म्हणताना दिवे घालवू नका. हळू आवाजात म्हणा, ती तिच्या रोजच्या माणसाच्या मांडीवर असू दे. मुलं केकला घाबरत नाहीत, एकदम बदललेल्या आवाजाला आणि अंधाराला घाबरतात.

*

फुगेवाला दादा, पिंपरी

माझं डेकोरेशनचंच काम आहे, ताईंनी फुग्यांचा विषय काढला म्हणून लिहितो.

गॅसचे फुगे मागवताना आत कुठला गॅस आहे हे विचाराच. हेलियम महाग पडतो. रस्त्यावर आणि काही ठिकाणी हॉलमध्येही जे गॅसचे फुगे स्वस्तात मिळतात त्यात हायड्रोजन असतो. कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे सिलिंडरमध्ये टाकून तो तयार करतात. हायड्रोजन पेट घेतो. मेणबत्तीच्या वर फुग्यांचा घोस आणि खाली वाकलेली मुलं, हे चित्र मला बघवत नाही. मी स्वतः लहान मुलांच्या कार्यक्रमाला पंपाने हवाच भरतो. फुगे छताला जात नाहीत, पण भिंतीवर, कमानीवर छान दिसतात.

तसाच तो फेसाचा स्प्रे. बर्फासारखा दिसतो पण डब्यातला दाबाचा गॅस बहुतेक वेळा ज्वालाग्राही असतो. जळत्या मेणबत्तीजवळ तो उडवणं म्हणजे आगीशी खेळ आहे. पाहुण्यांतली मोठी मुलं खिशातून घेऊन येतात, दारातच सांगून ठेवा.

आणखी एक. थर्माकोलची सजावट आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही. तरी लोक थर्माकोलवर कोरलेलं नाव मागतात. मी पुठ्ठ्यावर करून देतो, वजनालाही हलकं.

ताण कमी करायचा असेल तर माझ्याकडून एक सांगणं : सजावटवाल्याला कार्यक्रमाच्या वेळेआधी निदान तीन तास जागा मिळू द्या. हॉल पाचला ताब्यात मिळतो आणि सातला पाहुणे, मग आम्हीही धावपळीत आणि घरचेही आमच्या डोक्यावर उभे. घरी करणार असाल तर आदल्या रात्री लेक झोपल्यावर करून घ्या. आमचा पंप फार आवाज करतो, त्यामुळे दुसऱ्या खोलीत फुगवून आणावे लागतात. नाहीतर फुग्यांची कमान करूच नका. आजीच्या दोन इरकल साड्या मागे लावा, झेंडूच्या माळा सोडा. फोटोत त्या फुग्यांपेक्षा चांगल्या येतात, हे मी फुगेवाला असून सांगतो.

*

कृष्णाकाठ, सांगली

मला थोडं वेगळं मांडायचं आहे.

आमचा मुलगा लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, खूप औषधपाणी, खूप दवाखाने झाल्यावर झाला. त्या काळात गल्लीतल्या बायकांनी माझ्यासाठी नवस बोलले होते. कुणी औदुंबरला, कुणी नरसोबाच्या वाडीला. त्याचा पहिला वाढदिवस आम्ही मोठाच केला. पंगत बसवली. जिलेबी, मसालेभात, मठ्ठा, बटाट्याची भाजी. लोक हक्काने जेवले, आणि ते तसे जेवले याचं मला आजही समाधान आहे. छोटा कार्यक्रम म्हणजेच शहाणपणाचा आणि मोठा म्हणजे देखावा, असा सूर कुठे कुठे लागतो, तो मला पटत नाही. काही वाढदिवस आईबापांचे असतात, आजी-आजोबांचेही असतात, आणि ते तसे असले तर बिघडत नाही.

पण रानजाई म्हणतात ते, दोन कामं वेगळी करा, ते आम्ही नकळत केलं होतं. पंगत दुपारी बाराची. मुलाला सकाळी दहाला ओवाळलं, घरातली माणसं फक्त. मग त्याला माझ्या बहिणीने मागच्या खोलीत झोपवलं आणि पंगती उठेपर्यंत तो झोपलेला होता. कुणी विचारलं "बाळ कुठंय?" तर सासरे सांगत, "झोपलाय, उठला की दाखवतो. तुम्ही वाढून घ्या." कुणाला राग आला नाही. ज्याचा वाढदिवस तो समोर असलाच पाहिजे हा हट्ट आपलाच असतो, लोकांचा नसतो.

*

रानजाई, पुणे

कृष्णाकाठ, तुमचं लिहिणं वाचून डोळे भरून आले. तुमच्या पंगतीला देखावा कोण म्हणेल? माझं म्हणणंही इतकंच आहे की आपण कुणासाठी काय करतोय हे आधी ठरलेलं असावं. तुमचं ते ठरलेलं होतं.

ताई, फुगेवाले दादा, दोघांचे मनापासून आभार. पॉपकॉर्न मेनूत होतं, ते आत्ताच काढलं.

*

बाबालोक, ठाणे

"नवरा म्हणतो तुम्ही ठरवा" या वाक्यावर थांबलो. मी स्वतः बाप आहे म्हणून लिहितो.

"तुम्ही ठरवा" म्हणणं ही समजूतदारपणाची गोष्ट वाटते, पण तिचा अर्थ असा होतो की आईला नाही म्हणायचं काम बायकोवर. आमच्या घरी एक नियम आहे : ज्याचे आईवडील, त्याने बोलायचं. माझ्या आईला यंदा छोटं करायचंय हे मी सांगितलं, बायको त्या वेळी खोलीत नव्हती. आईला वाईट वाटलं, ती दोन दिवस कमी बोलली, मग म्हणाली निदान माझ्या बहिणीला तरी बोलवा. बोलावलं. हेच बायकोने सांगितलं असतं तर ते सुनेचं म्हणणं ठरलं असतं आणि वर्षभर पुरलं असतं.

दुसरं, काम वाटून घेणं म्हणजे "काय आणू सांग" असं विचारणं नव्हे. केक माझ्याकडे म्हणजे दुकान शोधणं, अंडं चालतं की नाही हे विचारणं, ऑर्डर, पैसे, आणणं, सुरी आणि काडेपेटी टेबलावर असणं, सगळं माझ्याकडे. सुरी सापडत नाही म्हणून बायकोला हाक मारली तर ते काम माझं नव्हतंच. बाईच्या डोक्यावरचा भार हा उचलण्याचा कमी आणि लक्षात ठेवण्याचा जास्त असतो. तो लक्षात ठेवण्याचा भाग आपण घ्यायला हवा.

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. हॉल घेणाऱ्यांनी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : किमान किती ताटांची हमी द्यावी लागेल, भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरलाय की वेगळा, आणि बाहेरचा केक-डेकोरेटर आणला तर जादा आकार आहे का. आमच्याकडे एका हॉलने पन्नास ताटांची हमी मागितली होती, पाहुणे तीस. उरलेल्या वीस ताटांसाठी माणसं शोधायला लागायचं, आणि यादी वाढते ती अशी. आम्ही तो हॉल सोडला. सोसायटीच्या मोकळ्या जागेत, उघड्यावर केलंत तर रात्री दहानंतर स्पीकर कायद्यानेच बंद, त्यामुळे उशिराची गोष्टच निघत नाही.

*

सुमनआजी, वाई

रानजाई, तुझ्या सासूबाईंच्या वयाचीच मी. अगं, त्यांची बाजू थोडी सांगू का?

आमच्या पिढीला बोलावणं म्हणजे जेवण नव्हे. बोलावलं म्हणजे आठवण ठेवली. ज्यांच्या घरी आपण जातो त्यांना आपल्या घरी बोलावलं नाही तर उद्या रस्त्यात भेटल्यावर नजर चुकवावी लागेल, ही भीती असते मनात. ती तुम्हा मुलींना खोटी वाटते, पण आम्ही त्या बोलावण्यांवरच संसार केले. अडीअडचणीला तीच माणसं धावली. त्यामुळे सासूबाईंना "नको" म्हणू नकोस, "केव्हा" ते सांग.

आणि केव्हाचं उत्तर माझ्याकडे आहे. तुझ्या लेकीचा वाढदिवस झाला की दीड-दोन महिन्यांत संक्रांत येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तुम्ही हळदीकुंकू करणारच. त्याच दिवशी लेकीचं बोरन्हाण कर. पाच वर्षांपर्यंत करतात, म्हणजे दुसऱ्या वर्षी करायला काहीच हरकत नाही. सासूबाईंच्या यादीतली सगळी मंडळी तेव्हा बोलाव. लोक येतात, तिळगूळ घेतात, बसतात, जातात. एका वेळी गर्दी होत नाही. पुरुषमंडळींनाही सांग, तिळगुळाला कोण नाही म्हणतं? माझ्याकडे तर मी सवाष्ण-विधवा असलं काही पाळत नाही, सगळ्या येतात आणि सगळ्यांना वाण मिळतं.

बोरन्हाण मुलांच्या उंचीचं असतं हे मला फार आवडतं. पाटावर बसवायचं, काळं झबलं, हलव्याचे दागिने, औक्षण, आणि डोक्यावरून हळूच बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, बत्तासे सोडायचे. मोठी मुलं वेचायला धावतात. पाव तासात झालं. लेक रडली तर उचलून घ्यायची, कुणी खोळंबत नाही. डोंबिवलीच्या ताई सांगतात ते खरं आहे, बोरं-हरभरे लहानांच्या तोंडात जाणार नाहीत एवढं बघ. लेकीच्या डोक्यावर नुसते चुरमुरे सोडलेस तरी चालतील.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी तिला तेल लावून न्हाऊ घाल, निरांजनाने ओवाळ. जुन्या पद्धतीत वाढदिवसाला सात चिरंजीवांचं आणि मार्कंडेयाचं स्मरण करतात, आणि तीळ-गूळ घातलेलं दूध अर्धी ओंजळ पितात. आयुष्य वाढावं म्हणून. माझ्या नातवाला मी दर वर्षी देते, त्याला आता ते पाठ आहे, स्वतःच वाटी घेऊन येतो. हे ओवाळणं तुझ्या सासूबाईंच्या हातून होऊ दे. सगळ्यांत आधी, घर शांत असताना. त्यांना जे हवंय त्यातलं बरंचसं त्या पाच मिनिटांत आहे.

*

स्टुटगार्टची सून

इथे लहान मुलांच्या वाढदिवसाचा एक सरळ संकेत आहे : मूल जितक्या वर्षांचं तितके छोटे पाहुणे, फार तर एक जास्त. दोन वर्षांच्याला दोन. आणि निमंत्रणावर संपण्याची वेळही लिहितात, साडेतीन ते साडेपाच. ती वेळ झाली की लोक खरंच उठतात. रानजाई, तुमच्या निमंत्रणात "चार ते सहा" लिहा, कुणी वाईट मानणार नाही.

सोपं आहे हे सगळं, नाकारत नाही. पण माझ्या मुलाला ओवाळताना फोन उभा करून ठेवावा लागतो, आजी नाशिकहून पडद्यावर अक्षता टाकते. ज्यांच्या यादीत माणसं जास्त झाली आहेत त्यांचा ताण मी समजू शकते, पण ती माणसं तासाभराच्या अंतरावर आहेत हेही मोठं आहे.

*

एकटी_आई, नाशिक

रिटर्न गिफ्टबद्दल लिहिते, कारण माझा ताण तिथे होता.

लेकाच्या प्लेग्रुपच्या आयांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. प्रत्येक वाढदिवसानंतर त्यावर फोटो पडतात, नाव छापलेली सॅक, नाव छापलेली बाटली, एकापेक्षा एक. माझा पगार एकटीचा. त्या रांगेत उभं राहायचं तर क्रेडिट कार्डवर खर्च करून हप्ते भरावे लागले असते. मी बरेच दिवस आकडे मांडत बसले होते आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा यायचा.

शेवटी ग्रुपवर एक मेसेज टाकला : "भेटवस्तू आणू नका, आमच्याकडूनही रिटर्न गिफ्ट नाही. साडेदहाला गोदापार्कमध्ये या, घरचं खाणं आहे." पाठवताना हात थरथरत होते. पहिलं उत्तर आलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांत थाटाचा वाढदिवस केलेल्या आईचं. तिने मला वेगळा मेसेज केला, "पुढच्या वेळी मीही असंच करणार, माझ्या नवऱ्याशी यावरूनच भांडण झालं होतं." तेव्हा कळलं की तो ताण एकट्या माझा नव्हता, फक्त कुणी बोलत नव्हतं. मुलं गवतात पळाली. मी साबणाच्या पाण्याचे फुगे घेऊन गेले होते, तेवढ्यावर सकाळ निघाली.

ज्यांना काही द्यायचंच आहे त्यांनी मेणाचे जाड खडू द्यावेत. संपेपर्यंत वापरले जातात.

*

फोंड्याची पोर, गोवा

आम्ही दर वर्षी सकाळी शांतादुर्गेला जातो, कवळ्याला. देवदर्शन, घरी येऊन जेवण, मणगणं (हरभऱ्याच्या डाळीची, नारळाच्या दुधातली आमच्याकडची खीर) असतंच. संध्याकाळी काही नाही. देवळाच्या अंगणात पोर मनसोक्त धावते. शेजाऱ्यांकडे मणगण्याचा डबा पोचवला की सगळ्यांना कळतं आज वाढदिवस आहे, आणि ते आपणहून येऊन तिला भेटून जातात. एकेक करून, त्यामुळे ती बुजत नाही. डबा पाठवणं हेही बोलावण्याइतकंच आहे, सासूबाईंना सुचवून बघ.

*

रानजाई, पुणे

वाढदिवस झाला, म्हणून सांगायला आले.

सासूबाईंशी नवराच बोलला. बाबालोक, तुमचा प्रतिसाद मी त्याला वाचायला दिला होता. त्याने मागेपुढे न बघता फोन उचलला आणि अर्धा तास आईशी बोलला. आधी त्या गप्प होत्या. संक्रांतीला मोठं बोलावणं करू म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "वाण काय लुटायचं?" म्हणजे मनात बसलं होतं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांनी स्वतः एकेकाला फोन केले, की वाढदिवस घरच्या घरी आहे, तुम्ही संक्रांतीला मात्र नक्की यायचं. एक-दोघांनी नाराजी दाखवली. त्यांना उत्तरही त्यांनीच दिलं : "पोर घाबरते हो गर्दीला. मागच्या वेळी बघितलंत ना?" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला खूप बरं वाटलं. त्यांनाही तो प्रसंग लागला होता, फक्त आमचं आपसात कधी बोलणं झालं नव्हतं.

सकाळी आंघोळ झाल्यावर सासूबाईंनीच ओवाळलं. निरांजनाकडे लेक टक लावून बघत होती. तीळ-गुळाचं दूध तिने दोन घोट प्यायलं आणि उरलेलं आजोबांच्या ओठाला लावलं.

चारला मुलं आली. बाल्कनीत प्लॅस्टिक अंथरून दोन टब ठेवले होते, गाळण्या, वाट्या, नारळाच्या करवंट्या. दीड तास कुणीही आत आलं नाही. सगळ्यांचे कपडे भिजले, प्रत्येकीने बदलायचा जोड आणायचा हे आधीच कळवलं होतं. केक कापताना पडदे उघडे, दिवे चालू, ती बाबाच्या मांडीवर. आम्ही हळू म्हटलं तर तिने स्वतःच टाळ्या वाजवल्या आणि "पुन्ना" म्हणाली. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. सहाला सगळे उठले, सव्वाआठला ती झोपली होती. मी गरम जेवले.

सगळंच जमलं असं नाही. माझ्या मोठ्या नणंदेला वाईट वाटलं आहे, तिची मुलं मोठी म्हणून तिला संध्याकाळी बोलावलं नव्हतं. तिला मी या आठवड्यात भेटून येणार आहे, ते फोनवर व्हायचं नाही.

सुमनआजी, आता तुमच्याकडे काम आहे. संक्रांतीची तयारी आत्तापासून करतेय. तुळशीबागेत हलव्याचे दागिने मिळतात, पण हार आणि मुकुट तिला टोचेल का? ती डोक्याला काही बांधू देत नाही.

*

सुमनआजी, वाई

शाब्बास गं. नणंदेकडे जाशील तेव्हा लेकीला घेऊन जा आणि बोरन्हाणाची जबाबदारी काही थोडी तिच्यावर सोपव.

मुकुट नकोच. हलवा काटेरी असतो, कपाळाला लागतो. हार, बाजूबंद, कमरपट्टा एवढं पुरे, आणि ते गळ्यात-हातात न बांधता झबल्यावरच टाके घालून घे. झबलं घातलं की दागिने आपोआप अंगावर. आतून मऊ सुती कापडाचं अस्तर लाव. दाणे सैल आहेत का ते आदल्या दिवशी ओढून बघ, आणि ओवाळून झालं की झबलं लगेच काढ, नाहीतर ती हलवा तोडून तोंडात घालेल. मला माप कळव, मी शिवून पाठवते.